न तपासलेला रिसिव्हर

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही सुचवून ठेवला होता: सस्काटूनचा हिवाळा आणि मी. हिवाळ्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. बर्फ पडतो, तो फावड्याने शोव्हल करावा लागतो आणि मार्चपर्यंत त्याचा वीट येतो. मी म्हटलं, मी माझ्या कामाबद्दल लिहिते. त्यांनी विचारलं, "म्हणजे बंदुकांबद्दल? दिवाळी अंकात?" मी म्हटलं, "फटाक्यांबद्दल चालतं ना?" यावर त्या हसल्या आणि लेख तीन आठवड्यांत द्या म्हणाल्या. तेव्हा दोष द्यायचा तर त्यांना द्यावा.

मी नागपूरची. पॉलिटेक्निकमधून मेटलर्जीचा डिप्लोमा केला आणि पुण्याजवळच्या एका फोर्जिंग कारखान्यात आठ वर्षं तपासणी विभागात काढली. नवरा प्रकाश पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर म्हणून इकडे कॅनडात आला, त्याच्यामागे मी आले. इथे माझ्या डिप्लोमाला कुणी हिंग लावून विचारेना. दोन वर्षं एका ग्रोसरीत केळी मांडली. मग एक जाहिरात दिसली: रायफली बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानात धातूची पारख असलेली व्यक्ती हवी. दुकानाचा मालक गॉर्डन, तेव्हा पन्नाशीचा, बोलायला अतिशय महाग. त्याने माझ्यापुढे दोन पोलादी तुकडे ठेवले आणि विचारलं, यातला चांगला कुठला? मी दोन्ही हातात घेतले, टेबलावर वाजवून आवाज ऐकला, कानस मागितली, दोघांच्या कडांवरून फिरवली आणि सांगितलं, दोन्ही वाईट. तो म्हणाला, "सोमवारी सकाळी आठला ये." त्या सोमवारपासून मागच्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. सुजाता म्हणणं त्याला कधी जमलं नाही. त्याने माझी 'सू' केली ती कायमची.

माझं काम रिसिव्हर तपासण्याचं. बंदूक म्हटलं की लोकांना नळी आणि घोडा दिसतो. रिसिव्हर म्हणजे या दोन्हींना धरून ठेवणारा मधला पोलादी गाभा. पुढून त्यात नळी आटे पाडून बसते आणि मागून काडतूस आत ढकलणारा बोल्ट, म्हणजे दांडा असलेली जाड सळई, सरकत येतो. दांडा खाली दाबला की बोल्टचे दोन कान रिसिव्हरच्या आतल्या खाचांत अडकतात. आपल्या कुकरच्या झाकणाचं असतं तसंच. काडतूस फुटतं तेव्हा सगळा धक्का त्या दोन खाचांवर येतो आणि बोल्टच्या मागे चार बोटांवर माणसाचा डोळा असतो. काडतूस लहान असेल तर बरंच काही खपून जातं. पण इथे उत्तरेला मूस नावाच्या भल्यामोठ्या हरणांच्या आणि अस्वलांच्या मुलखात जाणाऱ्यांना मोठ्या कॅलिबरची, म्हणजे जाड गोळीची रायफल लागते आणि पुष्कळांना ती एखाद्या जुन्या, वडिलोपार्जित रिसिव्हरवर बांधून हवी असते. तो रिसिव्हर हे ओझं पेलेल की नाही, हे सांगणं माझ्याकडे होतं.

गिऱ्हाईक आलं की लायसन्स गॉर्डन बघायचा आणि प्रश्न मी विचारायची. कुठलं काडतूस? कशासाठी? किती थंडीत? आणि शेवटचा: हा रिसिव्हर कुठून आला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लोक छाती काढून द्यायचे. चौथ्याला बहुतेकांची जीभ अडखळायची आणि खरी माहिती त्या अडखळण्यातच असायची.

एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांना आमच्याकडे बांधता येईल ती सगळ्यात मोठी रायफल हवी होती. कशासाठी? तर अस्वलांसाठी. "तुम्ही शिकारीला कुठे जाता?" असं विचारलं तर म्हणाले, अजून कुठे गेलो नाही, आत्ता बेसमेंटमध्ये लावून ठेवीन. त्यांच्या बेसमेंटमध्ये अस्वल येण्याची शक्यता मला कमी वाटली, पण रिसिव्हर मात्र मी त्यांच्यासाठी उत्तम निवडून दिला. दुसऱ्या एका गृहस्थांनी ऑनलाइन घेतलेला रिसिव्हर आणला. काय त्याची झिलई! आरशासारखा. बोटाने आतून चाचपला तर एक बारीक उंचवटा लागला. दोन मोडक्या रिसिव्हरचे दोन अर्धे कुणीतरी वेल्ड करून, घासून, चकचकीत करून विकले होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ते गृहस्थ माझ्यावरच रागावून गेले. वर्षभराने ख्रिसमसला चॉकलेटचा डबा घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून गेले.

शहाणी गिऱ्हाइकं थोडी. डार्लीन नावाच्या एक बाई उत्तरेत शिकाऱ्यांना घेऊन फिरायच्या. आल्या आल्या म्हणाल्या, "सू, मला सुंदर नको. उणे तीसमध्ये हातमोज्यांनी उघडता आली पाहिजे आणि माझ्यानंतर माझ्या भाचीला वापरता आली पाहिजे." असं बोललं की निवड सोपी होते. लांब काडतुसाला पुरेल अशी लांबी, एकाच घडीव ठोकळ्यातून कापलेलं आणि सगळीकडून सारखं कडक केलेलं पोलाद, खाचांमागे भरपूर मांस आणि ज्याचा सगळा इतिहास आपल्याला ठाऊक आहे असा तुकडा. दिसायला तो रिसिव्हर ठोंब्या होता. त्यांच्या भाचीने यंदा तो वापरला असं कळलं.

आता थोडं घरचं. आम्ही बौद्ध. इथल्या आमच्या आंबेडकरी असोसिएशनमध्ये मी पहिल्या वर्षापासून आहे. मला कुणी विचारलं की काय करतेस, तर मी सांगायची, मेटल टेस्टिंग. खोटं नव्हतं. पण उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असं धम्मात सांगितलंय, त्यात पहिलाच शस्त्रांचा आहे आणि हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यामुळे मी दुकानाचं नाव घेत नसे. माझे बाबा नागपूरला कापडगिरणीत फिटर होते. कानस कशी धरायची हे मी त्यांच्याकडून शिकले, पॉलिटेक्निकमध्ये नाही. त्यांना मात्र मी फोनवर खरं ते सांगितलं. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "शस्त्राचा धंदा वर्ज्य आहे, बाई."

मी म्हटलं, "मी विकत नाही, बाबा. मी तपासते."

पुन्हा पंखा. मग म्हणाले, "मग नीट तपासत जा."

या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. ते वाक्य मी इतकी वर्षं परवान्यासारखं वापरलं. नीट तपासत होते तोवर मला काही टोचत नव्हतं. आणि एकदा मी नीट तपासलं नाही. ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. त्या वर्षी मेमध्ये बाबा गेले. ऑगस्टच्या शेवटी वॉल्टर नावाचा एक शेतकरी दुकानात आला. पासष्टीचा, उंच, टोपी हातात घेऊन बोलणारा. त्याने टॉवेलात गुंडाळलेला जुना रिसिव्हर आणि बोल्ट काउंटरवर ठेवला. नळी नाही, लाकडी दस्ता नाही, नुसता गाभा. निळसर काळा रंग नवा होता. मोठ्या कॅलिबरची रायफल हवी होती. ऑक्टोबरमध्ये उत्तरेला त्याच्या केबिनवर मूससाठी जायचं होतं. मी तिन्ही प्रश्न विचारले, त्याने सरळ उत्तरं दिली. मग चौथा विचारला.

"निकचा आहे," तो म्हणाला. "माझा भाऊ. मागच्या वर्षी गेला."

मी म्हटलं, "आय ॲम सॉरी." आणि थांबले.

इथे थांबायला नको होतं. निक कसा गेला, रायफल कुठे ठेवलेली होती, नळी आणि दस्ता कुठे गेले, हे विचारायला हवं होतं. पण आपल्याकडे दुःखातल्या माणसाला खोदून विचारत नाहीत. घरी जायचं, शेजारी बसायचं, भात-वरणाचा डबा ठेवून यायचं. काय झालं, कसं झालं हे त्याने काढलं तर ऐकायचं, आपण विषय काढायचा नाही. माझ्यावर हाच संस्कार आहे आणि मी तो काउंटरवर घेऊन बसले.

दुसरी चूक त्याहून मोठी. रिसिव्हर किती कठीण आहे हे बघायला आमच्याकडे मशीन होतं. त्याचं हिऱ्याचं टोक पोलादावर ठरावीक वजनाने दाबायचं. टाचणीच्या टोकाएवढा खळगा पडतो, त्यावरून आकडा मिळतो. तो खळगा दस्त्याखाली झाकला जातो, पण पडतो. हे मी वॉल्टरला नेहमीसारखं समजावलं. तो म्हणाला, "खूण नको, प्लीज. याच्यावर त्याचे हात लागलेत. बाकी काहीच उरलं नाही."

माझ्या खणात तेव्हा बाबांची कानस होती. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर नागपूरहून आणलेली, लाकडी मुठीची, त्यांच्या अंगठ्याने मुठीवर खळगा पडलेली. घासली तर झिजेल म्हणून मी ती एकदाही वापरली नव्हती. त्यामुळे वॉल्टरचं म्हणणं मला फार नीट कळलं. इतकं कळलं की मी मशीनचं झाकण उघडलंच नाही. रिसिव्हर डोळ्यांनी पाहिला, तडा आहे का ते रंग लावून पाहिलं, मापं घेतली. आतल्या कोपऱ्यांतही रंग नवा आहे हे दिसलं होतं. कुणीतरी हौसेने नवा केला असेल, असं मीच मला सांगितलं. कार्डावर 'कठीणपणा' या शब्दापुढे मी 'ठीक' लिहिलं.

सहा आठवड्यांनी रायफल तयार झाली. दुकानामागे मातीच्या भिंतीआड ती शिकंज्यात धरून, दोरीने घोडा ओढून, पाच गोळ्या मारल्या. काही झालं नाही. बुधवारी वॉल्टर घेऊन गेला. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला वॉल्टरच्याच गावचा एक माणूस बंदुकीच्या तेलाची बाटली घ्यायला आला. भिंतीवर आम्ही तयार झालेल्या रायफलींचे फोटो लावत असू, तो बघत उभा राहिला. म्हणाला, "ही वॉल्टरची? निकच्या रिसिव्हरवर केली? मला वाटलं, त्या आगीत सगळंच गेलं."

मी विचारलं, "कुठल्या आगीत?"

निकचं घर जळलं होतं आणि निक आत होता. रिसिव्हर राखेतून निघाला होता.

बाहेरच्या लोकांसाठी सांगते. पोलाद कडक करतात ते तापवून आणि विझवून, अगदी मोजून मापून. तेच पोलाद घराच्या आगीत तासन् तास तापलं आणि आपलंआपण थंड झालं की तो कडकपणा जातो. दिसायला काही फरक पडत नाही. वरून रंग दिला तर देवालाही कळणार नाही. मऊ झालेल्या रिसिव्हरच्या खाचा मोठ्या काडतुसाच्या प्रत्येक धक्क्याला जराजरा दबत जातात. पाच गोळ्यांत कळत नाही. दहाव्या गोळीला कळेल, तिसाव्या गोळीला कळेल, आणि ते वॉल्टरच्या डोळ्यापुढे कळेल.

मी गॉर्डनला सांगितलं. त्याने कार्ड पाहिलं. "इथे तू 'ठीक' लिहिलंयस."

"मी मशीन लावलं नव्हतं."

गॉर्डनने चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्याचा माझ्यावर आवाज चढला नव्हता, तेव्हाही चढला नाही आणि तेच वाईट वाटलं. तो म्हणाला, "फोन कर."

फोन वॉल्टरच्या बायकोने, आयरीनने, उचलला. वॉल्टर पहाटेच निघाला होता. केबिन उत्तरेतल्या ला रोंज गावाच्याही वर, तिथे फोन लागत नाही. "उद्या सकाळी कॉफी झाली की नेम बसवायला घेईन म्हणाला," ती म्हणाली. "दोन पेट्या काडतुसं नेलीत. ही इज सो हॅपी, डिअर. काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, आहे, आणि केबिनचा रस्ता लिहून घेतला. मग उत्तरेच्या पोलिसांना फोन केला. त्यांनी सभ्यपणे नोंद घेतली आणि जमलं तर उद्या दुपारी कुणीतरी जाईल असं सांगितलं. उद्या दुपारी सकाळची कॉफी होऊन गेलेली असते.

प्रकाशची त्या दिवशी सुट्टी होती. मी निघतेय हे सांगायला घरी फोन केला तर तो म्हणाला, "पागल झाली का तू? तिकडे बर्फ पडून राहिला. तुझ्या गाडीले अजून समर टायर आहेत."

"मग तुमची गाडी द्या."

"गाडी देतो अन् ड्रायव्हरही देतो. दहा मिनिटं थांब, पोळ्या गुंडाळतो."

मुलगी विनिपेगला शिकत होती. प्रकाशने कळवल्यावर तिचा मेसेज आला: 'आई, जस्ट कॉल द कॉप्स, यू आर नॉट अ सुपरहीरो.' बरोबर होतं तिचं. निघताना मी हाताला आलेलं उचललं: मापं घ्यायचे गेज, टॉर्च आणि खणातली कानस. दुकानाच्या कानशी गॉर्डनच्या पेटीत होत्या आणि पेटीजवळ गॉर्डन उभा होता. त्याला ओलांडून काही मागायचं धैर्य मला नव्हतं.

प्रिन्स अल्बर्ट गावापर्यंत रस्ता कोरडा होता. पुढे दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं आणि बर्फही. प्रकाश एरवी खाणीतल्या साहेबांची नक्कल करून हसवतो, त्या दिवशी रस्त्यावरून नजर हलवत नव्हता. एकदाच म्हणाला, "सुजाता, तू मशीन काऊन नाही लावलं?" मी म्हटलं, "त्याचा भाऊ गेला होता हो." त्याने मान हलवली आणि वायपर वाढवले. मी मनात मोजत होते: पाच आमच्या, त्यापुढे किती? ला रोंजनंतर खडीचा रस्ता लागला. केबिन दिसली तेव्हा उजेड होता, पण फार नव्हता.

वॉल्टर पायऱ्यांवर उभा होता. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आला असावा. मी दार उघडून उतरता उतरताच ओरडले, "गोळी मारलीस का? वॉल्टर, किती मारल्यास?"

"सू?" तो गोंधळून म्हणाला. "तीन. राहवलं नाही मला उद्यापर्यंत. बोल्ट जरा घट्ट होतोय. शेवटच्या वेळी लाकडाने ठोकून उघडावा लागला. थंडीने असेल. आत्ता तेल लावतोय, उजेड आहे तोवर अजून दोन मारून..."

"नाही," मी म्हटलं.

रायफल आत टेबलावर होती. शेजारी काडतुसांची उघडी पेटी आणि तेलाचं फडकं. मी पेटी उचलून प्रकाशच्या हातात दिली आणि तो ती घेऊन गाडीपर्यंत गेला. मग मी वॉल्टरला विचारलं, जे ऑगस्टमध्ये विचारायचं होतं ते. "हा रिसिव्हर आगीत होता?"

तो खुर्चीवर बसला.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही विचारलं."

"कुणीच विचारलं नाही. सगळं गाव आलं. घरी शिजवलेले कॅसरोल आणले, केक आणले, फ्रीज भरला. कसं झालं, हे एकानेही विचारलं नाही." मग म्हणाला, "तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून तू विचारलं नाहीस ते मला बरं वाटलं होतं."

मी त्याला सांगितलं की मी मशीन लावलं नव्हतं, कार्डावर खोटं लिहिलं होतं आणि त्याचा डोळा किंवा जीव गेला असता तर तो माझ्यामुळे गेला असता. हे इंग्रजीत सांगायला मला जड गेलं नाही. मराठीत कदाचित गेलं असतं. मग विचारलं, आता खूण करू का? त्याने मान डोलावली. आम्ही दस्ता सोडवला. मी बाबांच्या कानशीभोवती गुंडाळलेलं फडकं काढलं. खालच्या कडेला, जिथे चांगल्या रिसिव्हरवर कानस काचेवरून सरकावी तशी सरकते, तिथे टेकवली आणि एकदाच पुढे ढकलली.

ती रुतली. पोलादाचा बारीक चकचकीत कीस टेबलावर पडला. टॉर्च वॉल्टरने धरला होता, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. गॉर्डनने मला काढलं नाही, पण महिनाभर माझ्या प्रत्येक कार्डावर दुसरी सही त्याने केली आणि मला ते योग्यच वाटलं. वॉल्टरसाठी आम्ही डार्लीनच्या रायफलीसारखा ठोंब्या नवा रिसिव्हर निवडला. निकचा रिसिव्हर पुन्हा कधी वापरता येणार नाही असा करून त्याला परत दिला. छापील कार्डात मी एक ओळ वाढवून घेतली: आगीत होता का? तरुण कारागीर ती ओळ बघून हसायचे. खूण नको म्हणणारी गिऱ्हाइकं पुढेही आली, त्यांना मी दुसरं दुकान दाखवलं. असोसिएशनमध्ये मी कामाचं खरं नाव घ्यायला लागले ते त्यानंतर. कुणी काही म्हणालं नाही. मला वाटतं, सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मात्र आम्हाला लगेच निघता आलं नाही. बर्फ वाढला होता आणि वॉल्टरने कॉफी ठेवली होती. प्रकाशने पोळ्या आणि बटाट्याची भाजी काढली. वॉल्टरने निकचं सांगितलं: चुलीची जुनी चिमणी, वारा, तो स्वतः शेजारच्या शेतात असूनही त्याला उशिरा दिसलेला धूर. सगळं सांगून झाल्यावर त्याने टेबलावरची कानस उचलली आणि मुठीवरच्या खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला.

"ही जुनी आहे."

"माझ्या बाबांची. मेमध्ये गेले ते."

मी इथे थांबले. सगळे इथेच थांबतात. मेपासून असोसिएशनमधल्या बायकांनी मला पंधरा दिवस डबे दिले होते, गॉर्डनने फुलं पाठवली होती, प्रकाशने एक दिवसही मला एकटीने स्वयंपाक करू दिला नव्हता. सगळे फार चांगले वागले.

वॉल्टरने विचारलं, "कसे गेले?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला. मग सांगितलं. पाखरांसाठी पाणी ठेवायला ते संध्याकाळी गच्चीवर गेले आणि तिथेच पडले. मला फोन आला तेव्हा मी कामावर होते आणि फोन ठेवून मी चार रिसिव्हर तपासले, चारही बरोबर. विमान टोरोंटोला अडकलं. घरातला अंत्यविधी मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. चुलतभावाने फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला बाबा दिसलेच नाहीत, पाऊण तास छताचा पंखा दिसत राहिला. तो बंद होता. फोन हलव, असं मी त्याला म्हणू शकले नाही, कारण तो रडत होता. हे सगळं मी इंग्रजीत सुरू केलं आणि मध्येच कधीतरी मराठीत बोलायला लागले. वॉल्टरने अडवलं नाही.

प्रकाश पोळीचा तुकडा हातात धरून तसाच बसला होता. पंख्याचं त्याला माहीत नव्हतं.